बहीण अमेरिकेत एच-४ वर आहे, नवरा मारतो. परत न येता कायदेशीरपणे तिकडेच राहता येईल का?

रेवती_सोलापूर

नमस्कार. माझ्या मावसबहिणीसाठी विचारतेय. लग्न सोलापुरातच झालं, होटगी रोडच्या एका कार्यालयात. त्यानंतर लगेच ती अमेरिकेला गेली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. ती एच-४ वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या अवलंबित व्हिसावर. स्वतः इंजिनिअर, लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होती. तिकडे तिला कामाची परवानगी नाही, त्यामुळे हातात पैसा नाही. तीन वर्षांची मुलगी आहे, जन्म तिकडचाच.

मारहाण बऱ्याच दिवसांपासून चालू आहे. घरच्यांना आता कळलं, कारण तिने मला गळ्यावरच्या वळांचा फोटो पाठवला आणि लगेच डिलीट केला. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात असतो. तो म्हणतो, "पोलिसांना फोन केलास तर व्हिसा रद्द करून उद्याच्या विमानात बसवीन, पोरगी इथेच राहील." मावशी म्हणते, सगळं टाकून ये. बहिणीला यायचं नाही. तिला तिथे राहून स्वतःच्या पायावर उभं राहायचंय आणि मुलगी सोडायची नाही. असा काही कायदेशीर मार्ग आहे का? सोलापुरात ज्यांना विचारलं ते सगळे "बघू, समजावू" म्हणतात.

अटलांटाकर

रेवती, आधी एक काम करा. मूळ पोस्टमध्ये त्यांचं शहर किंवा कंपनी लिहिलेली नाही हे चांगलं केलंत, पुढेही लिहू नका. आणि बहिणीला हा धागा त्याच्या फोनवर किंवा घरातल्या सामायिक लॅपटॉपवर उघडायला सांगू नका. लायब्ररीतला संगणक चालेल, मैत्रिणीचा फोन चालेल.

मी इथे दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका गटात स्वयंसेवक आहे. वकील नाही. पण ही धमकी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे की त्यातलं खरं किती, खोटं किती, ते स्वच्छ सांगतो.

खोटं हे, की नवरा फोन उचलून तिला विमानात बसवू शकतो. तो अधिकार त्याला नाही. देशाबाहेर काढण्याचा निर्णय सरकार घेतं आणि त्याची ठरलेली प्रक्रिया असते. खरं हे, की तिचं एच-४ त्याच्या एच-१बीला आणि त्यांच्या लग्नाला बांधलेलं आहे. त्याचं स्टेटस गेलं की तिचंही जातं. आणि घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की त्या दिवसापासून ती एच-४ वर राहत नाही. म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला भेटण्याआधी तिने घटस्फोटाच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. "सामोपचाराने सोडवू, इथे सही कर" असं म्हणून पुढे केलेल्या कागदावर तर मुळीच नको.

लोक लगेच "वावा" (VAWA, स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा) असं नाव सांगतील. १९९४ च्या त्या कायद्याखाली पीडित पत्नी नवऱ्याला न कळवता स्वतःच ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज करू शकते. पण त्याला एक अट आहे: नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा. एच-१बीवाल्याच्या बायकोला तो अर्ज करता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मुली इथेच अडकतात, कारण भारतीयांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत असतं. त्यामुळे कोणीही मदत मागायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो, नवरा कोणत्या व्हिसावर आहे? बाकीचं सगळं त्या उत्तरावर ठरतं.

तिच्यासाठी जे उरतं ते असं. एच-४ वरच्या पीडित पत्नीला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. २००५ च्या दुरुस्ती कायद्याने ती तरतूद आली, फॉर्म आय-७६५व्ही. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवलंही जात नाही. मिळालं तर दोन वर्षांचं असतं. मात्र ही फक्त कामाची परवानगी आहे, राहण्याचं स्टेटस त्यातून मिळत नाही. पण ज्या बाईला दुधाच्या पिशवीसाठी हात पसरावा लागतो, तिच्या हातात स्वतःचा पगार येणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरा मार्ग यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा व्हिसा. नवरा कोणत्या व्हिसावर आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. घरगुती हिंसा हा त्यातल्या गुन्ह्यांपैकी एक आहे. अट अशी की गुन्हा पोलिसांपर्यंत किंवा कोर्टापर्यंत गेलेला असावा, तिने तपासाला मदत केलेली असावी, आणि पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांपैकी कोणीतरी तसं प्रमाणपत्र सही करून द्यावं. सहीपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. वर्षाला मुख्य अर्जदारांना १०,००० यू व्हिसाच मिळतात, म्हणून रांग फार लांब आहे, वर्षांची आहे. रांगेत असताना अर्ज प्रथमदर्शनी खरा वाटला तर वर्क परमिट देण्याची पद्धत २०२१ पासून आहे. यू स्टेटस मिळाल्यावर तीन वर्षांनी ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. उलट बाजूही सांगतो: अर्ज फेटाळला गेला तर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. म्हणून वकिलाशिवाय हे करू नये.

तिसरा मार्ग साधा आहे, म्हणून लोक विसरतात. ती इंजिनिअर आहे. एच-४ चालू असतानाच स्वतःच्या नावावर एफ-१ विद्यार्थी व्हिसाकडे वळता येतं, किंवा कंपनी मिळाली तर स्वतःच्या एच-१बीकडे. एच-४ वर गेलेली वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांतून वजा होत नाहीत. मात्र हे सगळं घटस्फोटाच्या हुकुमाआधी दाखल व्हायला हवं.

मुलगी अमेरिकन नागरिक आहे, पण त्यामुळे आईला आज काहीच मिळत नाही. मूल २१ वर्षांचं झाल्यावरच आईसाठी अर्ज करू शकतं.

जुना_दत्तचौक

रेवतीताई, मी वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून बोलावं. पोलीस, कोर्ट यात एकदा पाऊल टाकलं की संसार परत जुळत नाही. त्याच्यावर केस झाली, नोकरी गेली, तर हिचाही व्हिसा जाणार. मग मुलीला घेऊन कुठं जाणार ती? अटलांटाकर साहेब स्वतःच म्हणतात की तिचं सगळं त्याला बांधलेलं आहे.

नाव_नको

काका, आदर ठेवून लिहिते. गळ्यावर वळ आहेत. गळा दाबणं ही मारहाणीतली सर्वात धोक्याची खूण असते, डॉक्टर आणि पोलीस दोघंही ती वेगळी नोंदवतात. वडीलधाऱ्यांची बैठक सोलापुरात होईल आणि रात्री ती त्या घरात एकटी असेल. सासरी फोन गेला की दहाव्या मिनिटाला त्याला कळतं की बायकोने माहेरी सांगितलं. रेवती, कृपा करून मावशीला सांगा, विहिणीला फोन करू नका. निदान बहीण सुरक्षित जागी पोचेपर्यंत तरी नको.

माझी केस वेगळी होती. नवरा अमेरिकन नागरिक, आणि माझ्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज त्याने मुद्दाम केलाच नाही. "वागणूक बघून करीन" म्हणायचा. मला आय-३६० करता आला, म्हणजे वरती ज्याला वावा म्हटलंय तो. त्याची फी नव्हती. एच-४ वरच्या मुलींना तो लागू नाही हे मान्य, पण हा धागा आणखी कोणीतरी वाचत असेल, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चार गोष्टी दाखवाव्या लागतात: लग्न खरं होतं, त्याच्याबरोबर राहिले, छळ झाला, आणि माझी वर्तणूक चांगली आहे. पोलिसात तक्रार केलेली असलीच पाहिजे असं नाही. विश्वासार्ह वाटेल असा कोणताही पुरावा ते बघतात. छळ म्हणजे फक्त हाडं मोडणं नव्हे. पैसे न देणं, कोंडून ठेवणं, फोन तपासणं, परत पाठवीन म्हणून धमकावत राहणं, हे सगळं त्यात येऊ शकतं. घटस्फोट झाला असला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, छळाचा आणि घटस्फोटाचा संबंध दाखवता आला तर.

सगळ्यात अवघड होतं स्वतःचं निवेदन लिहिणं. वकीलबाई म्हणाल्या, "तो वाईट आहे" असं लिहू नका. कोणत्या खोलीत, काय वाजलं होतं, तुम्ही काय म्हणालात, त्याने काय केलं, नंतर तुम्ही कुठे बसून राहिलात, ते लिहा. मी मराठीत लिहिलं. इंग्रजीत लिहायला बसले की चार ओळींत सगळं सपाट व्हायचं. नंतर त्याचं भाषांतर झालं.

लग्न खरं होतं हे दाखवायला माझ्या आईने घरातून लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, महानगरपालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला, हळदीचे फोटो असं सगळं स्कॅन करून पाठवलं. आईने आणि मामांनी आपापली प्रतिज्ञापत्रं दिली: मी कधी फोन केला, काय रडले, नवऱ्याने मागून ओरडून काय म्हटलं. सोलापुरात बसून केलेली ती मदत खरोखर कामाला आली.

आणि एक. अशा अर्जांची माहिती छळ करणाऱ्याला द्यायची नाही, असा कायदाच आहे. पत्रंसुद्धा वेगळ्या सुरक्षित पत्त्यावर मागवता येतात. मला दुसऱ्या कशाचीही इतकी भीती वाटली नव्हती जितकी घरच्या पत्रपेटीची.

नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्याशी लग्न करून जिला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळालंय, तिचा रस्ता आणखी वेगळा. एरवी अटी काढायला आय-७५१ वर नवऱ्याचीही सही लागते. छळ होत असेल तर त्याच्या सहीशिवाय तो अर्ज करता येतो, दोन वर्षं पुरी होण्याची वाट न बघता.

जुना_दत्तचौक

नाव_नको, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. विहिणीच्या फोनचा मुद्दा पटला. पण माझा प्रश्न कायम आहे. त्याची नोकरी गेली तर काय?

अटलांटाकर

काका, प्रश्न रास्त आहे. घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्याला देश सोडावा लागू शकतो, आणि त्याचं गेलं की तिचं एच-४ जातं. पण संरक्षण आदेश आणि फौजदारी खटला या वेगळ्या गोष्टी आहेत. संरक्षण आदेश ती स्वतः कोर्टात मागते, त्यासाठी तिचा व्हिसा कोणता हे आड येत नाही. त्यात त्याला घराबाहेर राहायला सांगता येतं, मुलीचा तात्पुरता ताबा मागता येतो. आणि यू व्हिसाचा अर्ज त्याच्या स्टेटसवर टेकलेला नसतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सुरक्षित जागा, मग वकील, मग कोणता अर्ज कधी करायचा ते ठरवणं. प्रसंग जिवावर बेतला तर मात्र क्रम वगैरे काही नाही, थेट ९११. इंग्रजीची अडचण वाटली तर दुभाषा मागायचा.

राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास, दुभाष्याची सोय असते. आपल्या भाषा, सण, सासू-सासरे समजणाऱ्या संस्थाही आहेत: न्यू जर्सीत मानवी (१९८५ पासून), न्यूयॉर्कमध्ये सखी, शिकागोत अपना घर, कॅलिफोर्नियात मैत्री आणि नारिका, अटलांटात रक्षा, ह्यूस्टनमध्ये दया. त्या वकिलापर्यंत पोचवतात. इमिग्रेशनचा सल्ला वकील किंवा सरकारने मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. "मी फॉर्म भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

पूर्वभाग_वकील

मी सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली करते. अमेरिकेच्या कायद्यावर बोलणार नाही, इथलं सांगते, कारण "ये किंवा तिथेच राहा" या वादात इथे काय करता येतं हे कोणी बघत नाही.

तिला परत यावंच लागलं तर सोलापुरात दाद मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज होतो. म्हणजे माहेर सोलापूर, तर अर्ज सोलापुरात. पूर्वीचं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, १ जुलै २०२४ पासून. छळ दुसरीकडे झाला आणि बाई माहेरी आश्रयाला आली तर माहेरच्या ठिकाणीही तक्रार चालते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा रूपाली देवी निकाल आहे. परदेशात घडलेल्या गुन्ह्याच्या खटल्याला केंद्र सरकारची मंजुरी लागते, तो मुद्दा तुमच्या वकिलाने सुरुवातीलाच बघावा.

फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तरी दिशा मिळते.

त्याने तिकडे घटस्फोट टाकला आणि नोटीस आली तर ती कपाटात ठेवून देऊ नका. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर आणि बायकोने मनापासून त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसताना दिलेला परदेशी घटस्फोट इथे ग्राह्य धरत नाहीत, हे १९९१ च्या नरसिंह राव निकालापासून ठरलेलं आहे. पण तिकडे तो हुकूम लागू होतो, आणि तिचं एच-४ तिकडेच आहे. म्हणून दोन्हीकडचे वकील एकमेकांशी बोलायला हवेत.

आता मावशीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. "पोरीला घेऊन गुपचूप विमानात बस" असं सांगू नका. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल अमेरिकेबाहेर नेणं हा तिथे १९९३ पासून संघराज्याचा गुन्हा आहे. हिंसेतून पळून आल्याचा बचाव त्या कायद्यात आहे, पण बचाव म्हणजे आधी आरोपी होणं. भारताने मुलांच्या अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही, म्हणून "इथे आली की कोणी हात लावत नाही" असं काही जण सांगतात. तसं नाही. आपली न्यायालयं मुलाचं हित बघून परत पाठवण्याचा आदेश देऊ शकतात आणि दिलेही आहेत. आधी तिथल्या कोर्टातून ताब्याचा आणि प्रवासाचा आदेश, मग तिकीट.

लेस्टर_वहिनी

इंग्लंडचं विचारणारं कोणी असेल तर: नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल आणि छळामुळे लग्न मोडलं, तर बायकोला कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तोपर्यंत तीन महिन्यांची सवलत मागता येते, त्यात काम करता येतं आणि सरकारी मदतही मिळते. फेब्रुवारी २०२४ पासून वर्क व्हिसा आणि विद्यार्थी व्हिसावाल्यांच्या बायकांनाही ती तीन महिन्यांची सवलत आहे, पण त्यांना पुढचं कायम वास्तव्य त्यातून मिळत नाही. आणि ती घेतली की जुना अवलंबित व्हिसा संपतो, म्हणून सल्ल्याशिवाय अर्ज टाकू नका. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स १९७९ पासून हेच काम करतात.

टोरांटो_मंजू

कॅनडात २०१७ नंतर प्रायोजित जोडीदाराच्या पीआरवर (कायम वास्तव्यावर) "दोन वर्षं एकत्र राहा" ही अट राहिलेली नाही. पीआर हातात असेल तर नवरा सोडला म्हणून ते जात नाही. नसेल तर पीडितांसाठी फी नसलेलं तात्पुरतं परमिट आहे, निदान सहा महिन्यांचं.

रेवती_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीशी बोलणं झालं, मैत्रिणीच्या फोनवरून. तिथल्या एका संस्थेशी तिचा संपर्क झालाय, वकिलाची वेळ मिळाली आहे. मावशीला वकीलताईंची मुलीबद्दलची ओळ वाचून दाखवली. तिला पटायला वेळ लागला, पण आता "ये" म्हणत नाही.

दोन प्रश्न. पासपोर्ट त्याच्याकडेच आहे, त्याचं काय? आणि त्याचे धमकीचे मेसेज मराठीत आहेत, काही ठिकाणी शिव्या आहेत. ते चालतील का, की इंग्रजीतच पुरावा लागतो?

अटलांटाकर

पासपोर्ट: त्याच्याशी झटापट करून काढायला जाऊ नका. पासपोर्ट क्रमांक माहीत असेल तर आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत सरकारी संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते, ती आजच घ्या. पोलीस बरोबर घेऊन घरातून स्वतःचे कागद आणता येतात, संरक्षण आदेशातही तसं मागता येतं. नाहीच मिळाला तर भारतीय दूतावासाकडे पोलीस तक्रारीसह नवीन पासपोर्टचा अर्ज. तिथे "इमर्जन्सी सर्टिफिकेट" घ्या असं कोणी म्हटलं तर घेऊ नका, ते फक्त भारतात परतण्यापुरतं असतं.

नाव_नको

मेसेज मराठीतच ठेवा, तेच पुरावा आहेत. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि नंबर दिसला पाहिजे. सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नोटरी लागत नाही. जवळच्या नात्यातल्या कोणाकडून मात्र करून घेऊ नका, नंतर शंका घ्यायला जागा राहते. शिव्या गाळू नका, सौम्य करू नका, जशा आहेत तशा उतरवा. संकोच वाटत असेल तर मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, मी करून देते.